मध्यस्थीत बोललेलं

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

मला विकल्याचा कागद, आणि तो तपासायलाही माझ्याकडेच!

सकाळी ऑफिसातून निहारची मेल. "मॅडम, रशियन आलंय, जरा चेक कराल?" रशियन काहीही आलं की माझ्या टेबलावर, ही कंपनीची सोळा वर्षांची पद्धत. त्याने बिचाऱ्याने वाचलंही नसणार. डावीकडे रशियन, उजवीकडे इंग्लिश. मॉस्कोच्या लवादापुढे आमची केस चालू आहे, त्याआधी मार्चमध्ये मध्यस्थी झाली. तिथे जे जे बोललं गेलं त्यावरची गोपनीयता दोन्ही पक्ष राजीखुशीने उठवत आहेत, असा मजकूर. खाली खरेदीदारांची सही. शेजारी कंपनीच्या मालकाची, शैलेंद्रची, तीच लफ्फेदार.

मध्यस्थीतलं बोलणं पुढे लवादापुढे कुणी काढायचं नाही, असं रशियाच्या कायद्यात स्पष्ट आहे. कबुली असो, सूचना असो, काहीही. पुढे एक शेपूट — पक्षांनी आपसांत वेगळं ठरवलं नसेल तर. ते कलम शैलेंद्रला मीच मराठीत समजावून सांगितलं होतं. तेव्हा मी 'आपण' म्हणत होते. आपण पक्ष, आपण ठरवणार.

पक्ष दोनच. ते आणि कंपनी. मी नुसती साक्षीदार! हे छप्पन्नाव्या वर्षी कळलं.

तपासून परत पाठवला. एक स्वल्पविराम चुकला होता, तोही दुरुस्त केला. मूर्ख बाई.

१८ ऑक्टोबर

ईश्वरला सांगितलं. तो गॅरेजमध्ये विंटर टायर्स मोजत होता. म्हणाला, "शैलेंद्र असं करणार नाही गं. काहीतरी कारण असेल." नवरा कुणाचा आहे हा?

१९ ऑक्टोबर, रविवार

लिहून काढते, म्हणजे डोकं थाऱ्यावर येईल.

शैलेंद्र माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. कॅनडात एडमंटनला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात त्याने आमच्या बेसमेंटमध्ये सोल्डरिंगचं टेबल मांडलं. मला सख्खा भाऊ नाही, त्याला बहीण नाही. त्या दिवाळीपासून मी त्याला ओवाळते. माझी डिग्री रशियातल्या व्होरोनेझची. इथे कुणी विचारेना. परीक्षा देत, हाताखाली कामं करत नऊ वर्षं काढली तेव्हा इंजिनियरचा परवाना आणि सहीसोबत मारायचा शिक्का मिळाला. शिक्का हातात आला त्या दिवशी शैलेंद्र पेढे घेऊन आला होता, मी नाही, तो रडला होता.

शैलेंद्रच्या कंपनीची पॅनेल्स पंपांना थंडीत गोठू देत नाहीत. २०२० च्या डिसेंबरात सायबेरियात याकुतियातल्या एका गावाच्या पाणीपुरवठ्यासाठी चोवीस पॅनेल्स गेली. उणे पंचावन्नला बहात्तर तास चाचणी झाली, असं सर्टिफिकेट. त्यावर माझा शिक्का. प्रत्यक्षात कोल्ड चेंबर उणे सेहेचाळीसच्या खाली गेलाच नाही आणि एकतिसाव्या तासाला बंद पडला. दुसऱ्या हिवाळ्यात उणे बावन्नला पॅनेल्स बंद पडली. गावाला अकरा दिवस नळाचं पाणी नाही. माणसं बर्फ वितळवून प्यायली.

शैलेंद्रचा फोन आला म्हणून मी शिक्का मारला. एवढंच घडलं. आणि आता तो मला पुढे करून स्वतः मोकळा होणार.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. केलं कसंबसं.

मार्च आठवतो. करार रशियन कायद्याखालचा, त्यात लिहिलेलंच — आधी मध्यस्थी, नाही जमलं तर लवाद. हल्ली तिकडे जातं कोण, सगळं व्हिडिओवर. पडद्यावर मध्यस्थ लिदिया सेर्गेयेव्हना, केस पांढरेशुभ्र, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. दुभाषा घ्यायचा होता. शैलेंद्रच म्हणाला, "ताई असताना दुभाषा कशाला?" तो माझ्या शेजारी बसून संत्रं सोलत होता.

त्यांनी रशियनमध्ये विचारलं, "शिक्का मारायला तुम्हाला कुणी सांगितलं?" मीही रशियनमध्येच सांगितलं. शेजारी बसलेल्या या गृहस्थांनी, फोनवर. तो मान डोलावत होता! मला एक फोड दिली. नंतर विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "टेक्निकल."

मग काय सांगायचं होतं? बंद दाराआडचं बोलणं होतं ते. बाहेर जाणार नव्हतं. समेट झाला असता तर तिथेच पुरलं गेलं असतं. खरेदीदारांनीच त्याच्या वकिलाच्या कानावर घातलं असणार, मे महिन्यापासून शैलेंद्र मला "चित्राताई" न म्हणता मेलमध्ये "डिअर चित्रा" लिहायला लागला.

समोर येऊन विचारायचं होतं ना! भांडायचं होतं. केसाने गळा कापायची काय गरज होती?

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. आला!

मला वाटलं येणार नाही. ताट तयार ठेवलं होतं, का ते माहीत नाही. दारातच उभा राहिला, बूट काढले नाहीत.

"सही केलीस," मी म्हटलं.

"केली."

"मला न विचारता?"

"तू मला विचारून बोलली होतीस का? माझ्या शेजारी बसून, ताई. मी तुला संत्रं देत होतो गं!"

"मग असा सूड?"

"सूड नाही. तिथे जे बोललीस ते उघड्यावर बोल. शपथेवर. मी इंटरप्रिटर घेऊन बसतो. बंद खोलीतल्या बोलण्याला मी उत्तरच देऊ शकत नाही, लॉयरने तसं सांगितलं."

ईश्वर म्हणाला, "अरे, आत तरी ये, डोअर उघडं आहे, हीट जातेय." तो म्हणाला, "येतो, भावजी." म्हणजे गेलाच.

ओवाळलं नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा. त्याने पाठ दाखवली मला. 

२४ ऑक्टोबर

करंज्या शेजारच्या युक्रेनियन आजींना दिल्या.

३० ऑक्टोबर

स्वतःचा वकील केला. जोआन, कॅल्गरीची, सरळ बोलते. तिने दोन बोटं दाखवली. एक — वरून दबाव होता आणि मी झुकले, असं लवादाने मानलं तर दोष कंपनीचा. मला कदाचित समज देऊन सोडतील, शिक्का राहील. दोन — मी आपण होऊन मारला असं ठरलं तर निर्णयाची प्रत इंजिनियरांच्या संस्थेकडे जाणार, आणि शिक्का गेला. कायमचा.

"फोन किती वाजता आला?"

"चारला."

"लास्ट टाइम यू सेड दोन."

पाच वर्षांपूर्वीचा फोन, घड्याळ लावून बसले होते का मी! तिच्यावरही चिडले. घरी येताना हेन्डे हायवेवर एक्झिट चुकली.

५ नोव्हेंबर

श्रावणीचा टोरोंटोहून फोन. सगळं ऐकून घेतलं. "मॉम, जस्ट टेल देम व्हॉट हॅपन्ड. दॅट्स ऑल." या पोरींना सगळं सोपं वाटतं. मग म्हणाली, "शैलूमामा ओके आहे का?" आईचा गळा कापलाय आणि हिला मामाची काळजी!

१२ नोव्हेंबर

त्याचं लेखी निवेदन आलं. अर्धं पान. "असा फोन मी केला नाही." संपलं. ना शिवी, ना आरोप. वीस वर्षं ओवाळलं त्याचा उल्लेखही नाही.

खोटारडा! जोआन खूश आहे. त्या वर्षीचे फोनचे रेकॉर्ड कुणाकडे नाहीत. माझा शब्द आणि त्याचा शब्द. ती म्हणते, तुम्ही शिकलेल्या, शांत, त्यांच्याच भाषेत बोलणाऱ्या. तो मालक, सर्टिफिकेटमुळे त्याचा फायदा झालेला. "दे विल बिलीव्ह यू, चित्रा."

लिदिया सेर्गेयेव्हनांनीही विश्वास ठेवलाच होता.

मग मला बरं का वाटत नाही?

१६ नोव्हेंबर, रविवार

ईश्वर ड्राइव्हवे शोव्हल करून आला. चहा घेताना सहज म्हणाला, "तू शिक्का मारलास त्या आठवड्यात शैलेंद्र इथे होता का गं? त्याचे वडील गेले तेव्हा तो अमरावतीला होता ना?"

"तिथून फोन करता येतो," मी म्हटलं. केवढ्या जोरात म्हटलं. त्याने कप विसळून ठेवला.

१८ नोव्हेंबर

उद्या लवादापुढे साक्ष, सकाळी सहाला, मॉस्कोचे दुपारचे चार. उत्तरं रशियनमध्ये पाठ केली. "मला माझ्या वरिष्ठांनी सांगितलं." आरशासमोर सात वेळा. उच्चार चांगला आहे अजून.

त्याने माझ्याशी असं वागायला नको होतं. मरेपर्यंत विसरणार नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

लवादाच्या अध्यक्षांनी तोच प्रश्न विचारला. कुणी सांगितलं?

मी म्हटलं, "कुणी नाही."

फोन आलाच नव्हता. तो वडिलांना पोचवायला गेला होता, चेंबर बंद पडला, कंटेनर दारात उभा होता, आणि मला माझ्या गणिताची खात्री होती. मी एकटीने मारला. मार्चमध्ये त्याचं नाव तोंडातून निघालं कारण त्याला भाषा कळत नव्हती. आणि महिनाभर मी या वहीलाही तेच सांगत आले.

या वेळी पडद्यावर त्याच्या शेजारी दुभाषा होता. माझं वाक्य त्याच्यापर्यंत पोचायला काही सेकंद गेले. पोचलं तेव्हा त्याने कपाळ टेबलावर टेकलं आणि अध्यक्षांनी दोनदा नाव घेतलं तरी वर पाहिलं नाही.