रिकाम्या खुर्चीचं काम

३ फेब्रुवारी
आले एकदाची भाईंदरला! इंद्रलोक वसाहतीतला फ्लॅट काडेपेटीएवढा, पण उजेड भरपूर. शेजारच्या हंसाबेननी दारातच विचारलं, अकेली रहोगी? मी हो म्हणेपर्यंत ढोकळा हातात. आईला फोनवर सांगितलं, तुझी वैजयंता इथे उपाशी मरत नाही.

५ फेब्रुवारी
माझं काम घरूनच. ते हंसाबेनना समजावताना घाम फुटला. लोकांचे कॉम्प्युटर कितीतरी वेळ नुसतेच चालू असतात. त्यांची रिकामी ताकद आम्ही मागून घेतो. अवाढव्य गणिताचे तुकडे करून घरोघरी पाठवायचे, उत्तरं आली की जोडायची. याला ग्रिड म्हणतात. त्या म्हणाल्या, ये तो पापड जैसा है, पीठ घर ले जाओ, बेलके वापस दो. अगदी बरोबर! मालकाने कीबोर्डला हात लावला की ग्रिड थांबतं, तो उठला की परत कामाला लागतं. माझाही कॉम्प्युटर जोडलाय. रोजनिशीही त्यावरच लिहितेय, तेवढीच सोबत.

११ फेब्रुवारी
हंसाबेन मुलीकडे सुरतला गेल्यात. तेव्हापासून कोणाशी बोललेच नाही. फार एकटं वाटतंय. आज मी टाइप करत असतानाच ग्रिडने काम सुरू केलं. म्हणजे त्याच्या लेखी खुर्चीत कोणी नाही. सेटिंग बिघडलं असणार.

१४ फेब्रुवारी
सेटिंग ठीक आहे. आईला फोन लावला. ती हॅलो, हॅलो करत राहिली, मग कोणाला तरी म्हणाली, कोणीच नाहीये. मी ओरडत होते.
आमच्याकडे एकच तुकडा दोन मशीनना देतात. उत्तरं जुळली की ते उत्तर खरं धरतात, तिसऱ्याला विचारत नाहीत. ग्रिड म्हणतं कोणी नाही, आई म्हणते कोणी नाही.
मी तिसऱ्याला विचारणार. हंसाबेन उद्या येतायत. त्यांनी नुसतं माझं नाव घेतलं तरी पुरे.

१५ फेब्रुवारी
आल्या. सोबत घरांचा दलाल आणि फ्लॅट बघायला आलेला एक माणूस. दलालाकडे किल्ली होती. मी दारातच उभी होते, हाका मारल्या. हंसाबेन माझ्याकडे बघतच त्या माणसाला म्हणाल्या, लडकी अच्छी थी, पता नहीं कब चली गई —
खुर्चीत येऊन बसलेय. लिहितेय. मी आहे. मी इथे —
तो माणूस टेबलाकडे येतोय. कॉम्प्युटर चालू कसा, विचारतोय.
खुर्ची ओढली. बसतोय. अहो, मी —
त्याने कीबोर्डला हात लावला. ग्रिड लगेच थांबलं.
माझी बोटं त्याच्या बोटां