तीस चेहऱ्यांचं सबमिशन

७ ऑक्टोबर
कोझ्मा मॅडमनी आज सगळ्या वर्गासमोर माझं स्केचबुक चाळलं. म्हणाल्या, टोप्या आहेत, कोट आहेत, मफलर आहेत, चेहऱ्याच्या जागी मात्र कोरा कागद. मी म्हटलं, ती स्टाईल आहे. म्हणाल्या, ती भीती आहे. पंधरा तारखेपर्यंत माणसांकडे बघून काढलेले तीस चेहरे आणायचे, नुसत्या रेषेत, खोडरबर न वापरता. नाहीतर दुसरं वर्ष पुन्हा. पुन्हा म्हणजे तिसऱ्यांदा. आईला मी मागचं नापास होणंही अजून सांगितलेलं नाही.
भीती म्हणे. चेहरे मला जमतात, फक्त वेळ आली नव्हती.
निश्चय: उद्यापासून सहाला उठणे. रोज पाच चेहरे.

८ ऑक्टोबर, दुपारी १२
उठलो. सहाला प्रकाश चांगला नसतोच. रूम पार्टनर रेलूपासून सुरुवात करणार होतो, पण तो उशीत तोंड खुपसून झोपला होता. त्याच्या पांघरुणाचं चित्र काढलं. पांघरूण अप्रतिम आलं.

९ ऑक्टोबर
ट्राममध्ये बसलो. समोरच्या बाईंचं कपाळ होईतो त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी खिडकीबाहेर पाहिलं. परत वळतो तर त्या उतरलेल्या. असं चार वेळा. याश शहरात कुणाला एका जागी बसवतच नाही. चार कपाळं मिळून एक चेहरा धरायला हरकत नाही.

११ ऑक्टोबर
काल विश्रांती. आज डोक्यात प्रकाश पडला. चर्चमधल्या सेंट पारास्केवाच्या अस्थींच्या दर्शनाची रांग! दरवर्षी याच आठवड्यात लागते आणि मी दरवर्षी तिला शिव्या देत वळसा घालून कॉलेजला जातो. अख्ख्या देशातून आलेली माणसं, दिवस-रात्र उभी, काही झालं तरी जागा सोडणार नाहीत. फुकटची मॉडेल्स. रेलू म्हणाला, पण तीही तुझ्याकडे बघतील, त्याचं काय. रेलूला कलेतलं कळत नाही. तो दातांचा डॉक्टर होतोय.

१२ ऑक्टोबर, सकाळी
पलीकडच्या फुटपाथवर बसलो. रांग चार पावलं सरकते, थांबते, परत सरकते. एकाची टोपी काढली तोवर तो पुढे गेला, खाली दुसऱ्याचं नाक आलं आणि हनुवटी कुठल्याशा आजींची. मॉडेल सरकत असेल तर चित्रकारानंही सरकायला हवं. शेवटाला जाऊन रांगेतच उभा राहिलो.

संध्याकाळी
रांगेतून सगळ्यांच्या पाठीच दिसतात. आधी वाईट वाटलं, मग थिअरी सुचली. चेहरा माणसाला हवा तसा करता येतो, पाठ करता येत नाही. म्हणजे पाठ हाच खरा चेहरा. मॅडमना नीट समजावलं तर अभ्यासक्रमसुद्धा बदलतील. एकोणतीस पाठी झाल्या, पैकी अकरा पुढच्या बाईंच्याच. मागचे काका रेल्वेतून रिटायर झालेत. माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाले, कोट छान काढतोस, शिंपी आहेस का. दुर्लक्ष केलं.
उद्या एक पाठ काढली की झालं. रात्री रांगेतच मोबाइलवर मॅच बघत बसलो.

१३ ऑक्टोबर
पुढच्या बाई अचानक वळल्या. नाव अग्लाया, वास्लुईकडच्या खेड्यातल्या. म्हणाल्या, कालपासून माझ्या पाठीमागे काय खरडतोयस, दाखव. दाखवलं. त्यांनी एकेक पान उलटलं आणि विचारलं, "पोरा, तुला कुणी तोंड दाखवत नाही, की तूच बघत नाहीस?"
मी थिअरी सांगितली. तेवढ्यात त्यांनी उकडलेलं अंडं सोललं आणि अर्धं मला दिलं.
मग कामाचं बोलल्या. त्यांना जुळी बहीण आहे, व्हेता. तिचे पाय गेलेत, येता येत नाही. तिचा रुमाल सेंटच्या अस्थींच्या पेटीला टेकवून न्यायचा होता, तो घरी टेबलावरच राहिला. "तू तिचं चित्र काढ. माझ्याकडे बघून काढ, एकच तोंड आहे आमचं. तेच टेकवीन."
पाठ चालेल का, विचारलं. नाही चालणार म्हणाल्या.
पळालो असतो, पण मागे काका. बघायला लागलो. त्याही बघतच राहिल्या. माझे कान तापले, पेन घामानं घसरायला लागलं. त्यांच्या डाव्या डोळ्याला आपोआप पाणी येतं आणि त्या ते पुसत नाहीत. खालचा ओठ एका बाजूनं आत ओढलेला, काहीतरी बोलायचं राहून गेल्यासारखा. हे कागदावर येत गेलं आणि मधेच कधीतरी मला लाज वाटायची थांबली. रांग सरकली तेव्हा काकांनी माझी बॅग उचलून पुढे ठेवली.
अग्लाया मावशींनी चित्र हातात घेऊन लांब धरलं. मग म्हणाल्या, "व्हेतासारखं नाही आलं. माझ्यासारखं आलंय."
जरा नाराज झालो. जुळ्यांत असा काय फरक असणार. नजर अधू झाली असावी त्यांची.

१४ ऑक्टोबर
काल शेवटी दर्शन झालं. मावशींनी कागदाच्या चार घड्या घातल्या, पेटीला टेकवला आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. आता तो व्हेताच्या उशाखाली जाणार. माझा एकुलता एक चेहरा. घडी घालण्याआधी फोटो घ्यायला मोबाइल काढला होता, तर मॅचमध्ये बॅटरी संपलेली. चित्रच परत मागायचं ठरवलं. बसस्टॉपपर्यंत सोबत गेलो, वाक्यही मनात जुळवलं. बस आली, त्यांची पिशवी चढवून दिली आणि हात हलवला.
वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण जो एक काढू शकतो तो तीस काढू शकतो, हे मॅडमना पटायलाच हवं. भीती गेली, विषय संपला. आईला फोन करून मागचं नापास होणं आणि यंदाचं पास होणं एकदमच सांगून टाकलं. आई रडली, मग खूश झाली.

१५ ऑक्टोबर
मॅडमनी पाठी बघितल्या. थिअरी ऐकली. अग्लाया मावशींचंही ऐकून घेतलं, डोळा, ओठ, सगळं. म्हणाल्या, तू खोटं बोलतोयस असं वाटत नाही. माझा चेहरा काढ, आत्ता. आला तर पास.
समोर बसल्या. पेन उघडलं. वर बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या.
म्हटलं, मॅडम, जरा खिडकीकडे वळता का, प्रकाशासाठी. वळल्या. म्हटलं, अजून थोडं. वळल्या. म्हटलं, अजून अगदी थोडं.
बराच वेळ नुसता पेनचा आवाज. मग म्हणाल्या, "तिबेरिऊ, पुढच्या वर्षी भेटू." हे त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या.
पाठ मात्र सुरेख आलीय.