खालची खाचरं आणि लेखी नकार

मी, नोहेआ कापुनिआई, वय सव्वीस, राहणार वाइकोलेआ खोरं, मोलोकाई बेट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. तब्येत उत्तम आहे. आज सकाळीच अळवाच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभी होते. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. उलट माझे आजोबा एझेकील, ज्यांना आम्ही टूटू म्हणतो, समोर बसून मला अडवत आहेत.

"सव्विसाव्या वर्षी मरणाचे कागद? अपशकुन करतेस, पोरी."

"मेल्यावर लिहिता येत नाही ना, टूटू."

"जीभ बघा हिची! एवढं शिकवलं ते यासाठी?"

हो, यासाठीच. टूटूंचे थोरले भाऊ मृत्युपत्र न करता गेले. वरच्या खाचरांतला त्यांचा हिस्सा मुलांत वाटला गेला आणि त्यांच्या मुलाने, लेरॉयने, लास वेगासमध्ये बसून आपला वाटा एका जमीन कंपनीला विकला. तेवढं बोट शिरताच कंपनीने सबंध वरच्या जमिनीवर दावा लावला आणि ती घेतली. आता खालच्या खाचरांवर तिचा दुसरा दावा चालू आहे. त्यात प्रतिवादी मी आहे. मी कामासाठी छोट्या विमानाने शेजारच्या माउई बेटावर जाते-येते. निकालाआधी माझं काही बरंवाईट झालं, तर ही जमीन पुन्हा तशीच वाऱ्यावर पडू नये.

१. खालची खाचरं, त्यांना पाणी देणाऱ्या पाटावरचा हक्क आणि माझ्या नावावरची सर्व स्थावर मालमत्ता माझी धाकटी बहीण काहेआ हिला मिळावी. मला पदवी मिळाली त्या वर्षी टूटूंनी ही जमीन माझ्या नावे केली. काहेआ माझ्यापेक्षा चांगलं अळू लावते आणि कागद बघितला की पळून जाते. म्हणून अट घालते: कोर्टाचं पाकीट आलं की उघडायचं आणि मुदतीत उत्तर द्यायचं. काहेआ, यामागचं कारण तुला माहीत आहे. तुझ्या मुलांना माहीत नसेल, त्यांच्यासाठी लिहून ठेवते.

पहिल्या दाव्यात कंपनीच्या वकिलाने टूटूंना प्रश्नांचा गठ्ठा पाठवला. दाव्यात दोन्ही बाजू एकमेकांना असे प्रश्न विचारू शकतात आणि उत्तर देणं बंधनकारक असतं. काही ठिकाणी नुसती विधानं होती, कबूल करा किंवा नाकारा. त्यातलं एक असं: "या जमिनीत तुमच्या कुटुंबाने गेल्या वीस वर्षांत काहीही लावलेलं नाही." नाकारायला एक शब्द पुरला असता. पण टूटूंची नजर आधी दुसऱ्याच प्रश्नावर पडली: "या जमिनीत तुमच्या पूर्वजांना कुठे पुरलं आहे, ती जागा सांगा."

आमच्याकडे हाडांची जागा एका पिढीत एकालाच माहीत असते. तो ती बोलून दाखवत नाही, आणि जो विचारतो त्याच्याशी बोलणंच बंद करतो. टूटूंनी गठ्ठा मिटला, त्यावर कंद कुटायचा दगड ठेवला आणि खाचरात गेले.

पाटापलीकडच्या शेजारीण मिसेस तोकुनागा त्यांना म्हणाल्या होत्या, "एझेकील, बाकीच्यांना तरी उत्तर दे रे."

"ज्या तोंडाने हाडं विचारली, त्या तोंडाशी मी पावसापाण्याच्याही गप्पा मारणार नाही."

मुदत उलटली. नियम असा आहे की विधान वेळेत नाकारलं नाही, तर ते कबूल केलं असं धरलं जातं. सगळीच विधानं कबूल धरली गेली. मी तेव्हा होनोलुलूला शिकत होते. निकाल लागल्यावरच मला कळलं. सुनावणीच्या दिवशी टूटू पोतं घेऊन माउईच्या कोर्टात गेले होते. पोत्यात वरच्या खाचरातले अळवाचे कंद होते, मुळांचा चिखल अजून ओला. त्यांनी ते टेबलावर मांडायला सुरुवात केली.

न्यायाधीश बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "मिस्टर कापुनिआई, इथे काही पिकत नाही हे तुम्ही कबूल केलं आहे. त्याच्याविरुद्ध मला हे कंद बघता येत नाहीत."

"मी कधी कबूल केलं?"

"उत्तर दिलं नाहीत तेव्हा. नाही म्हणून लिहून का नाही दिलंत?"

"मी नाहीच म्हटलं. गप्प राहिलो ना!"

त्या खोलीत कोणी हसलं नाही, असं टूटू सांगतात. आमच्या खोऱ्यात माणूस गप्प राहिला की तो नकार असतो. कोर्टात तो होकार ठरला. थडग्यांचा मुद्दा तरी मांडू द्या, असं टूटू म्हणाले. तर त्या प्रश्नाला उत्तर दिलं नव्हतं म्हणून थडग्यांबद्दल काही सांगण्याचीही मनाई झाली. टूटूंनी कंद पुन्हा पोत्यात भरले आणि घरी आल्यावर ते उकडून, कुटून त्यांची पोई केली. सगळ्या घराने ती खाल्ली. जी जमीन कागदावर ओसाड होती, तिचंच ते जेवण. आज वर तारेचं कुंपण आहे आणि आत नुसतं गवत. तेव्हाचं खोटं विधान आता खरं झालं आहे.

मला टूटूंची कधी लाज वाटली नाही. जमीन गेली, तरी त्यांनी हाडं विकली नाहीत. अशा माणसाची मी नात आहे, हे या कागदात मुद्दाम लिहिते.

२. दुसऱ्या दाव्यात तसाच गठ्ठा माझ्या नावाने आला. तो आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडला. एकेक विधान वाचलं, एकेक नाकारलं, सोबत खाचरांचे फोटो लावले. मग तोच प्रश्न आला. टूटूंनी त्यावर बोट ठेवलं.

"याला उत्तर नाही."

"आहे. 'सांगणार नाही' हेच उत्तर. का सांगणार नाही ते लिहायचं, खाली सही करायची आणि वेळेत पोचवायचं."

"म्हणजे नाही म्हणायलाही त्यांची परवानगी?"

"परवानगी नाही, टूटू. आपण नाही म्हटलं याची नुसती पोच."

टूटूंनी प्रश्नावरचं बोट उचललं. मग म्हणाले, "लिही. पण अक्षर चांगलं काढ. त्यांना वाचता आलं पाहिजे."

मी वकील नाही. मी गरिबांना फुकट कायदेशीर सल्ला देणाऱ्या केंद्रात मदतनीस आहे आणि पुढच्या वर्षी कायद्याच्या कॉलेजात जाणार आहे. कंपनीच्या वकिलाने तक्रार केली की ही मुलगी माहिती दडवते. त्याच न्यायाधीश बाई म्हणाल्या, "दडवलेली नाही. सांगणार नाही, असं त्यांनी मुदतीत आणि कारणासकट लिहून दिलं आहे. त्यांचं कारण कसं चूक आहे ते आता तुम्ही मला पटवा." त्याला पटवता आलं नाही. तो प्रश्न गळला, माझे सगळे नकार उभे राहिले. खटला अजून उभा राहायचा आहे, पण या वेळी कंद टेबलावर मांडता येतील. माझ्यामागे ते काहेआने मांडावेत. न धुता.

३. माझं पदवीचं प्रमाणपत्र आईला द्यावं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. ते तिने फ्रिजच्या वर टांगलं आहे आणि मीटर वाचायला येणाऱ्यालाही दाखवते. घरातली ती पहिली पदवी आहे. शेवटची नसावी.

४. माझी कायद्याची पुस्तकं खोऱ्याच्या समाजगृहाला द्यावीत. शनिवारी तिथे मी लोकांना त्यांचे कागद वाचून, समजावून देते. ते टेबल बंद पडू नये. बँकेत जे असेल ते पाटाच्या दुरुस्तीला आणि या टेबलाला लावावं. पाकीट आलं म्हणून कोणी त्यावर दगड ठेवू नये, एवढं जरी झालं तरी माझं शिक्षण वसूल झालं.

५. पिकअप ट्रक मिसेस तोकुनागांना द्यायचा होता. पण ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या ट्रकचा क्लच मी बघितलाय, बाई. मी आपली सही करते." ट्रकही काहेआलाच.

६. लेरॉय याला दर वर्षी खालच्या खाचरातली एक पिशवी पोई लास वेगासला पाठवावी. त्याच्यावरचा राग मी माझ्याबरोबर नेणार नाही. तो या पिशवीत घालावा. पोई चांगली आंबलेली असावी. त्याने ती खाल्ली आणि घरी यावंसं वाटलं, तर दार उघडावं. त्याची सही मात्र कशावरही घेऊ नये.

७. पूर्वजांच्या हाडांबद्दल या मृत्युपत्रात काही नाही. ज्याला सांगायचं त्याला सांगितलं आहे. ती व्यक्ती कोण, हेही मी लिहीत नाही, आणि हा माझा लेखी नकार समजावा.

टूटूंना या कागदातून काहीच मिळत नाही. "म्हणजे तुम्ही साक्षीदार होऊ शकता," असं मी त्यांना म्हटलं. त्यांनी आजवर कुठल्याही कायद्याच्या कागदाला उत्तर म्हणून एक अक्षर लिहिलेलं नाही. त्यांनी चष्मा मागितला, सगळं वाचलं, लेरॉयच्या कलमाशी एकदा हसले आणि पेनासाठी हात पुढे केला.

वर लिहिलेलं सर्व माझ्या इच्छेप्रमाणे आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली, त्यांनी माझ्यासमोर केली.

वाइकोलेआ, मोलोकाई
११ मार्च २०२५

(सही) नोहेआ कापुनिआई

साक्षीदार:

(सही) हारुए तोकुनागा, पाटापलीकडचं घर

(सही) एझेकील कापुनिआई, नोहेआचा आजोबा. मी सगळं वाचलं. हाडं कुठे आहेत ते सांगणार नाही. बाकी सगळं खरं आहे.