निरोगी गटातलं माझं नाव

३ जानेवारी, सकाळ
संकल्प: साखर बंद, रोज चालणं, कुणालाही सल्ला द्यायचा नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंट बायकांच्या मुलाखती घेऊन घेऊन आमच्या अभ्यासाचे प्रश्न मला पाठ झालेत. पाळी कधी आली, पहिलं मूल कधी, अंगावर किती पाजलं, वजन, व्यायाम. मग गाठ कुठल्या प्रकारची निघाली, त्याच्याशी ताडून पाहायचं. शेवटचा प्रश्न, गाठ पहिल्यांदा हाताला कधी लागली? सगळ्या म्हणतात, गेल्या आठवड्यात. धडधडीत खोटं. माझ्यासोबत मुलाखती घेणाऱ्या चष्मेवालीला मी शिकवलंय, तेव्हा मान वर करायची नाही. लिहून घ्यायचं.

१९ जानेवारी
आंघोळ करताना डावीकडे काहीतरी लागलं. वाटाण्याएवढं. ब्राची तार रुतली असणार. स्वस्तातली घेतली की हे असं.

२० जानेवारी
शांतपणे विचार केला. पहिलं मूल चोविसाव्या वर्षी, दोघांनाही भरपूर पाजलं, अंगावर मांस नाही. मला कशाला होतंय? काळजी ताईची. मूलबाळ नाही, वजन हे एवढं. फोन करून म्हटलं, तपासून घे. म्हणाली, तू घेतलंस का गं, शहाणे? मी विषय बदलला.
(सल्ल्याचा संकल्प मोडला नाही. ताई घरचीच.)

८ फेब्रुवारी
तुलनेसाठी निरोगी बायका कमी पडताहेत. माझंच नाव दिलं. अभ्यासाच्या डॉक्टरबाई खूश. पण म्हणाल्या, आधी तपासणी, नियमच आहे. करते की, म्हटलं. आज नको, पाळी जवळ आलीय.

२ मार्च
बिनतारेची ब्रा आणली. वाटाणा तिथेच. आता सुपारी म्हणायला हवं. दुखत मात्र नाही. पेशंटही हेच सांगतात, पण त्यांची गोष्ट वेगळी. चालणं सोमवारपासून.

११ मार्च
ताईचा रिपोर्ट स्वच्छ. आनंद झाला. जरा रागही आला, का कोण जाणे.
डॉक्टरबाईंना सहज विचारलं, मैत्रिणीसाठी. लवकर मूल झालेल्या बाईला होत नाही ना? म्हणाल्या, अहो, गाठी काय एका जातीच्या असतात? काही हार्मोनवर पोसतात, तिथे बाळंतपणाचा थोडा आधार होतो. काहींना त्याचं सोयरसुतक नसतं. आणि धोका कमी म्हणजे धोकाच नाही, असं कुठे आहे? मैत्रिणीला उद्याच पाठवा.
मैत्रीण गावाला गेलीय, म्हटलं.

३० मार्च
सकाळी चहा घेताना हे म्हणाले, हल्ली तू डाव्या कुशीवर झोपत नाहीस. सवय बदलली, म्हटलं. त्या कुशीवर ती जाणवते.

१४ एप्रिल
ताई आली. तिने जवळ घेतलं तेव्हा मी डावी बाजू चोरली. तिने पर्स उचलली आणि म्हणाली, चप्पल घाल.

२६ एप्रिल
निरोगी गटातलं माझं नाव खोडलं. गाठ सोयरसुतक नसलेल्या जातीची निघाली.
आज मुलाखतीला पेशंटच्या खुर्चीत बसले. ही खुर्ची इतकी बुटकी आहे, हे मला कधी कुणी सांगितलं नाही. चष्मेवाली विचारत गेली, मी पटापट उत्तरं देत गेले. चोविसाव्या वर्षी. हो, दोघांनाही. भरपूर.
मग तिने विचारलं, गाठ पहिल्यांदा हाताला कधी लागली?
गेल्या आठवड्यात, म्हटलं.
तिने मान वर केली नाही. लिहून घेतलं.