दंड, बैठका आणि दर आठवड्याला वाढणारा भार

प्रति,
मा. कार्यालय अधीक्षक (प्रभारी),
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : बैठका मारण्यासाठी बैठकांतून उठण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : क्रिकेट संघाच्या प्रशिक्षकांची चिठ्ठी व तीवर झालेली कार्यवाही.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार आवक-जावक शाखेत लिपिक असून कार्यालयाच्या संघातील एकमेव वेगवान गोलंदाज आहे. सहकारी त्यास ‘तोफ’ म्हणतात. गतवर्षी अंतिम सामन्यात पाणी खात्याच्या सलामीवीराने या तोफेचा चेंडू थेट सायकल स्टँडवर भिरकावला. सदर सलामीवीर अर्जदाराचे व्याही होत. तेव्हापासून दोन्ही घरी जेवणाचा कोणताही प्रसंग असो, पहिल्या घासालाच त्या षटकाराची आठवण निघते आणि सूनबाई हसू दाबत पाणी आणायला उठते. “यंदा त्यांचा त्रिफळा उडवा, नाहीतर त्यांना वाढायला तुम्हीच उभे राहा,” असे सौभाग्यवतींनी बजावले आहे.

२. वयोमानाने खांदा कुरकुरू लागल्याने प्रशिक्षकांनी लिहून दिले : “गोलंदाजाने रोज सकाळी दंड-बैठका माराव्यात. भार दर आठवड्याला वाढवावा.” सकाळी थोडे उशिरा येण्याची सवलत मिळावी म्हणून अर्जदाराने ही चिठ्ठी योग्य मार्गाने सादर केली. इथेच घोड्याने पेंड खाल्ली.

३. बैठका तत्काळ मंजूर होऊन, सकाळच्या सर्व बैठकांना अर्जदाराने हजर राहावे, असा आदेश निघाला. दंड कोणत्या अपराधासाठी, अशी विचारणा शिस्त शाखेने केली. ‘अद्याप काही केलेले नाही’ असे अर्जदाराने कळवताच ‘अद्याप’ या शब्दाखाली लाल रेघ ओढण्यात आली. भार मात्र ठरल्याप्रमाणे वाढतो आहे. आधी भांडाराचा अतिरिक्त कार्यभार आला, मग वाहनांचा, मग बागेचा.

४. एका बैठकीत अर्जदाराने टेबलाखाली गुपचूप मांड्या आवळून व्यायाम करून पाहिला. चेहऱ्यावरील ताण हा प्रस्तावास विरोध समजला जाऊन अर्जदारास फेरविचार समितीचे अध्यक्ष करण्यात आले. त्या समितीच्याही बैठका असतात. काल सरावाला अर्जदार जोरात धावत आला आणि क्रीजवर पोहोचताच सवयीने खाली बसला. यष्टिरक्षकाने चहा मागवला.

५. सबब, ‘बैठक म्हणजे खाली बसून लगेच उठणे’ असे शुद्धिपत्रक काढण्यात यावे. अर्जदाराच्या बाबतीत यातील पूर्वार्धच अमलात आला आहे. अर्जदारास बढती नको, सत्कार नको. निवृत्तीपूर्वीचा हा शेवटचा सामना आहे. व्याह्यांची मधली यष्टी एकदा उडालेली पाहावी, याखेरीज त्याला या कार्यालयाकडून काही नको आहे.

६. अधीक्षकसाहेब रजेवर गेल्याने सोमवारपासून त्यांचाही भार अर्जदाराकडेच आला आहे, हे आपण जाणताच. अर्ज सहानुभूतीपूर्वक वाचला गेला याविषयी शंका नाही. वाचून त्यावर ‘शिफारस आहे’ असा शेराही मारण्यात आला. तथापि स्वतःचा अर्ज स्वतः मंजूर करता येत नसल्याने तो संचालकांकडे पाठवणे भाग आहे. संचालकही रजेवर आहेत. भाराची गती पाहता त्यांची खुर्चीही पुढील आठवड्यात अर्जदाराकडे येईल, तेव्हा मंजुरीस अडचण दिसत नाही.

सामना या रविवारी आहे.

आपणच आपला नम्र,
(सही)
‘तोफ’
आवक-जावक लिपिक तथा प्रभारी अधीक्षक
दिनांक : शुक्रवार, बैठक चालू असताना

सोबत : १. प्रशिक्षकांची मूळ चिठ्ठी.
२. चेंडू, एक. सध्या बैठकीत कागद उडू नयेत म्हणून वापरात. रविवारपूर्वी परत मिळावा.