रोवणीचा प्रश्न

बहनजी, तुम्ही असता तर माझं काम काय आहे हे सांगताना माझी दमछाक झाली असती. मी इथंच, मध्य प्रदेशाच्या या कोपऱ्यात, बालाघाटात, घरी बसून जगभर खेळल्या जाणाऱ्या एका ऑनलाइन खेळासाठी सामान्य ज्ञानाचे प्रश्न निवडते. देशोदेशीची माणसं प्रश्न पाठवतात, मी चाळते, मंजूर किंवा नामंजूर करते. नियम दोन. उत्तर इंटरनेटवर दोन ठिकाणी सापडलं पाहिजे, आणि प्रश्न कुठल्याही देशाच्या माणसाला न्याय्य वाटला पाहिजे. ऐकायला छान आहे. प्रत्यक्षात पिझ्झा कुठला हा प्रश्न न्याय्य ठरतो, आणि आपल्या हट्टा गावच्या बावडीचा, त्या पायऱ्यांच्या जुन्या विहिरीचा, 'फार स्थानिक'. मी आता यावर चिडत नाही. बाबा गेल्यापासून घर याच कामावर चालतं.

तुमची वर्गातली स्पर्धा वेगळी होती. शनिवारचा शेवटचा तास, 'घरचा प्रश्न'. शाळा हिंदी, शिकवणं हिंदी, पण व्हरांड्यात आम्हा मराठी पोरींशी तुम्ही आपल्या बोलीत बोलायच्या. प्रत्येकीनं घरून एक प्रश्न आणायचा, पुस्तकात नसलेला. चिठ्ठीवर प्रश्न आणि नाव, उत्तर नाही. वर्गाला आलं नाही की जिचा प्रश्न तिनं फळ्यापाशी जाऊन शिकवायचं, आणि तेवढा वेळ तुम्ही तिच्या जागेवर, बाकावर बसायच्या. मी पहिल्या नंबराची, म्हणून चिठ्ठ्या गोळा करायचं काम माझ्याकडे. "तुले उत्तर येत नसन तरी चिठ्ठी ठेवजो," तुम्ही बजावलं होतं. "तुले येत नाई म्हणून प्रश्न खराब होत नाई." माझा स्वतःचा प्रश्न जगातल्या सगळ्यात लांब नदीचा होता. तो तुम्ही परत दिलात. "हा घरचा नाई वो, पुस्तकातला आहे. मायले विचारून आण." मी विचारलं नाही. माझ्या आईला वर्गात विचारण्याजोगं काही माहीत असेल, असं मला वाटतच नव्हतं. तो राग डोक्यात होता, आणि त्यातच कटंगीकडच्या त्या मुलीची चिठ्ठी हातात आली. शाळेसाठी मामाकडे राहणारी, शेवटच्या बाकावरची, वर्षभर तोंड न उघडलेली मुलगी. 'रोवणी करताना बाया मागं मागं काहून सरकतात?' मी सरकारी क्वार्टरमधली, धान पाहिलेलं ते ताटात भात म्हणून; रोवणी म्हणजे भाताची लावणी, एवढंच ऐकून माहीत. चारदा वाचलं. उत्तर येईना.

त्या शनिवारी ती केसांना तेल लावून, नव्या रिबिनी बांधून आली आहे. चिठ्ठ्या संपतात. ती उठून उभी राहते. "बहनजी, माझा राह्यला." तुम्ही माझ्याकडे बघता. "हरवली," मी म्हणते, "आत्ताच, पंख्यानं उडाली." तुम्ही हातातली वही टेबलावर ठेवता आणि तिच्याकडे वळता. "माझ्याकडून हरवली, बाई. चूक माझी आहे. आता विचार." तेवढ्यात घंटा होते, पोरी दप्तरं उचलतात. "राहू द्या बहनजी," ती म्हणते आणि खाली बसते. परीक्षा झाल्यावर ती गावी गेली ती परत आली नाही. तिला एकदाही फळ्यापाशी उभं राहिलेलं कुणी पाहिलं नाही.

उत्तर मला फार वर्षांनी मिळालं. कटंगीच्या वाटेवर बस पंक्चर झाली आणि बांधावर उभी राहून मी रोवणी पाहिली. बाया पुढं सरकल्या असत्या तर आत्ताच लावलेली रोपं पायाखाली आली असती. मी हे शोध लावल्यासारखं कंडक्टरला सांगितलं. "हे तं लहान पोट्ट्याले बी मालूम आहे, मॅडम," तो म्हणाला. मग एक दिवस नियम गुंडाळून ठेवून मी तो प्रश्न खेळात घातला. दोन दिवसांत काढावा लागला. खेळणाऱ्यांची तक्रार आली, हे आम्हाला कसं माहीत असणार, फुकट हरलो. तेही खोटं नव्हतं. इथं आठ सेकंद मिळतात आणि चुकलं की लगेच पुढचा प्रश्न. फळ्यापाशी कुणी येत नाही. मला ताकीद मिळाली, पुन्हा असं झालं तर काम जाईल.

या महिन्यात कुठल्याशा दूरच्या बेटावरच्या एका बाईचा प्रश्न आला. 'आमच्याकडे मासेमारीचं जाळं वाळत घालताना त्याची एक कड ओली का ठेवतात?' इंटरनेटवर काही सापडलं नाही. मी 'नियमात बसत नाही' लिहून नामंजूर केला. तिचं परत उत्तर आलं: माझ्या आईला विचारा, तिला ठाऊक आहे, पण तिच्याजवळ फोन नाही. पाच दिवस मी ते उघडून नुसतं बघत होते. काल तिला लिहिलं: 'तुमच्या प्रश्नात खोट नव्हती, मला उत्तर येत नव्हतं.' प्रश्न पुन्हा मंजुरीला घातला आहे. चुकणाऱ्याला त्या बाईच्या आईचं उत्तर तिच्याच शब्दांत वाचता यावं, एवढी जागा खेळात वरिष्ठांकडे मागितली आहे. जागा मिळते की काम जातं, ते सोमवारी कळेल. मला भीती वाटते आहे.

त्या बाईला दोन ओळी लिहिल्या, तुमच्यासमोर तेवढ्याही बोलले नाही. हा कागद टाकायला पत्ता नाही, तेव्हा माझ्या शाळेतल्या जुन्या कंपासपेटीत ठेवते. त्या मुलीची चिठ्ठी तिथंच आहे, घडी केलेली. पंखा त्या दिवशी बंद होता, बहनजी. सकाळपासून लाइट नव्हती, आणि तुम्ही तासभर वहीनं वारा घेत होतात.