चोवीस अंडी आणि एक मिशी

तांता, शुक्रवार, दुपारची नमाज झाल्यावर

सन्माननीय हाजी शहाता यांना, धाकट्या बहिणीचा नवरा महरूस याचा सलाम पोचावा. वहिनींचे गुडघे, तुमचे गाढव आणि भट्टीतली दहा हजार अंडी, सगळी सुखरूप असोत. पापणीवरची गाठ काढल्यापासून तुम्हाला आराम आहे असे कळले, बरे वाटले. इकडे मी ठणठणीत आहे. झकिया जरा थकली आहे, त्याचे कारण ओघाने येईलच.

ईदच्या जेवणानंतर तुमच्या अंगणात आपली पैज लागली होती, ती तुम्ही विसरला असाल (हरणाऱ्याला विसर लवकर पडतो). मी म्हणालो होतो की सात पिढ्यांची ती मातीची भट्टी, तो धूर आणि अंडे पापणीला लावून ऊब जोखायची तुमची तऱ्हा, हे सगळे आता जुने झाले. हल्ली घरच्या घरी विजेच्या पेटीत पिल्ले निघतात. त्यावर तुम्ही चारचौघांत म्हणालात, "महरूस, जीभ भाजल्याशिवाय तुला चहा गरम आहे हे कळत नाही, तू काय अंडी उबवणार?" सगळे हसले. झकियाही हसली, ते मी लक्षात ठेवले आहे. ठरले ते असे की चोवीस अंड्यांतून निदान बारा पिल्ले निघाली, तर मी मागेन ते तुम्ही द्यायचे (घर आणि गाढव सोडून), आणि नाही निघाली तर मी मिशी उतरवायची. तीस वर्षे शाळेत कारकुनी केली, पोरे मला नाही, मिशीला भ्यायची. तेव्हा पैज लहान नव्हती.

तर हाजी, एकोणीस निघाली.

आता सविस्तर ऐका. पेटीबरोबर आलेले माहितीपत्रक चिनी भाषेत होते, पण चित्रे होती. एका चित्रात गोल बाण होता, म्हणून पहिल्या दिवशी मी दर चार तासांनी अख्खी पेटीच फिरवत होतो. झकिया म्हणाली, "अहो, अंडी फिरवायची असतात, पेटी नाही." मी म्हटले, मला ठाऊक आहे, मी पेटीची चाचणी घेत होतो. मग अंड्यांवर पेन्सिलीने आकडे घातले आणि रोज हजेरी घेऊ लागलो. पाचव्या दिवशी शेजारच्या उम्म रगबने आमच्याकडे भाकरी गरम ठेवायचे यंत्र आले असे समजून तीन फतीर आत सारले. सात नंबरच्या पिल्लाला आजही तुपाचा वास येतो. नंतर मी पेटी दिवाणखान्यात हलवली आणि पाहुण्यांना मोठ्याने बोलायची बंदी केली. वहिनींचे भाऊ रागावून गेले ते अजून आलेले नाहीत, हा वरचा फायदा. पण पेटीचा काटा, हाजी! साडेसदतीस अंशांवर जो बसला तो बसला. भरदुपारी दोन तास वीज गेली तरी जागचा हलला नाही. याला म्हणतात यंत्र. झकियालाही त्याची गोडी लागली. पाचही नमाजांनंतर पेटीपाशी घुटमळायची, मी आपला सुखावत होतो. एकविसाव्या दिवशी आतून टकटक सुरू झाली, आणि खरे सांगतो, या वयात माझे डोळे भरून आले.

तुमचा विजयी मेहुणा,
महरूस

ता.क. तो काटा. पेटी आता वायर गुंडाळून कपाटात ठेवली आहे आणि काटा अजूनही साडेसदतीसवरच आहे. तिसऱ्या दिवशीच तो अडकला होता. मला कळले एकोणिसाव्या दिवशी.

पुन्हा ता.क. कळले ते असे. मी खोलीत शिरलो तर झकिया अंडे पापणीला लावून, डोळे मिटून उभी. पेटी तापली की ती झाकण बोटभर उचलायची, निवली की वर शाल टाकायची, वीज गेली की गरम पाण्याच्या बाटल्या भरून लावायची. हे शिकलीस कुठे, असे विचारले तेव्हा सांगितले तिने. मुलीची जात भट्टीत नको, असे तुमच्या घरचे मत, म्हणून बापाचा डबा घेऊन ती अकरा वर्षे दारातच उभी राहिली. रिकामा डबा परत देताना वडील तिच्या हातात एक अंडे ठेवायचे आणि म्हणायचे, "लाव पापणीला. सांग." तुम्हाला त्यांनी कधी सांगितले नाही. म्हणजे पैज मी हरलो. कालच मिशी उतरवली. न्हाव्याने तीनदा विचारले, घरी कुणी गेले का.

शेवटचे. पिल्ले कुणी काढायची हे पैजेत ठरले नव्हते, तेव्हा मागायचा हक्क माझा राहतोच. गाठ काढल्यापासून तुमचे दोन घाणे वाया गेले, हे वहिनींनी सांगितले आहे. तुम्ही गावाला अंडी खराब होती म्हणून सांगता. पण पापणी बधिर झाली आहे, हाजी, हे तुम्हालाही ठाऊक आहे. ते ऐकून झकिया दिवसभर जेवली नाही. स्वतःहून ती कधी मागणार नाही, आणि या पत्रातले तिला काही माहीत नाही; भावाला बघायला म्हणून पुढच्या शनिवारी सकाळच्या बसने येते आहे. सोबतच्या पुडीत माझी मिशी आहे. मी शब्द पाळला, आता तुम्ही पाळा. तिला दारात उभी ठेवू नका.